गाभणपणापासून दूध तुटेपर्यंत: लहान सस्तन प्राण्यांतील प्रजनन संप्रेरकांचा मागोवा कसा घ्यावा

गाभण राहून तीन दिवस झालेल्या रॅट मादीचे रक्त दुपारी बारा वाजता काढले, तर त्यात प्रोलॅक्टिन (दूध बनवण्यास चालना देणारे संप्रेरक) नाममात्र दिसते. त्याच मादीचे रक्त संध्याकाळी दिवे मालवण्याच्या सुमारास काढले, तर तेच प्रोलॅक्टिन कित्येक पटींनी वाढलेले आढळते. दोन्ही आकडे बरोबर असतात, आणि वेळेची नोंद नसेल तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. लहान सस्तन प्राण्यांच्या गाभणपणात आणि दूध पाजण्याच्या काळात संप्रेरके कशी बदलतात हे पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मोजणीची पेटी उघडण्यापूर्वी गाभणपणाचा दिवस, घड्याळातली वेळ आणि अंगावर पिणाऱ्या पिल्लांची संख्या या तीन गोष्टी टिपण्याची शिस्त लावून घ्यावी. या लेखातील प्रत्येक पायरी याच शिस्तीभोवती बांधलेली आहे.

मराठीत मोठ्या आणि छोट्या अशा दोन्ही प्रयोगशालेय उंदरांना आपण उंदीरच म्हणतो. परंतु त्यांची संप्रेरके काही बाबतींत वेगळी वागतात, म्हणून येथे मोठ्याला रॅट आणि छोट्याला माऊस म्हटले आहे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. प्राण्यांवरील कोणतेही काम संस्थेच्या नैतिकता समितीच्या लेखी परवानगीने आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करावे. गाभण आणि लेकुरवाळ्या माद्यांच्या बाबतीत ही अट अधिक काटेकोरपणे पाळावी लागते, कारण तेथे एका मादीचा त्रास साऱ्या पिल्लांपर्यंत पोहोचतो.

पहिली पायरी: प्राणी आणि त्याचे कॅलेंडर समजून घेणे

माऊसचे गाभणपण १९ ते २१ दिवसांचे, रॅटचे २१ ते २३ दिवसांचे, सोनेरी हॅमस्टरचे सुमारे १६ दिवसांचे, सशाचे ३० ते ३२ दिवसांचे आणि गिनीपिगचे साधारण ५९ ते ७२ दिवसांचे असते. हे आकडे पाठ असण्यापेक्षा त्यांच्यामागचा फरक समजणे महत्त्वाचे आहे. रॅट, माऊस, हॅमस्टर आणि ससा यांच्यात गाभणपण टिकवणारे प्रोजेस्टेरॉन अखेरपर्यंत मुख्यतः अंडाशयातील पीतपिंडांतून (अंड बाहेर पडल्यावर त्या जागी बनणाऱ्या ग्रंथींतून) येते, त्यामुळे अंडाशय काढले तर गर्भ टिकत नाहीत. गिनीपिगमध्ये मात्र सुरुवातीचा काळ सरल्यावर वार (प्लासेंटा) स्वतःच पुरेसे प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते आणि अंडाशयावरचे अवलंबन संपते. म्हणजे एकच संप्रेरक मोजत असलो तरी रॅटमध्ये आपण अंडाशयाचे काम मोजत असतो, तर उत्तरार्धातल्या गिनीपिगमध्ये वारेचे.

पीतपिंडाला जगवणारी गोष्टही प्राण्यागणिक बदलते. रॅट आणि माऊस यांच्यात समागमावेळी गर्भाशयमुखाला मिळणारी चेतना मेंदूपर्यंत जाते आणि मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून दिवसातून दोनदा प्रोलॅक्टिनच्या लाटा सुटू लागतात. या लाटांवर पीतपिंड तगते. सशाची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्यात ठरावीक दिवसांचे माजाचे चक्र नसते, अंडमोचन (अंडाशयातून अंड बाहेर पडणे) समागमानंतर १० ते १२ तासांनी होते आणि पुढे पीतपिंडाला आधार मिळतो तो अंडाशयातीलच इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा. रॅटवर वाचलेले सारे सशाला लावणाऱ्याची फसगत येथेच होते.

दुसरी पायरी: माजाचे चक्र ओळखणे

रॅट आणि माऊस यांचे चक्र ४ ते ५ दिवसांचे, हॅमस्टरचे ४ दिवसांचे, तर गिनीपिगचे साधारण १५ ते १७ दिवसांचे असते. चक्र ओळखण्यासाठी योनीतील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१७ मध्ये स्टॉकर्ड आणि पापानिकोलाऊ यांनी ती गिनीपिगमध्ये वर्णन केली, आणि १९२२ मध्ये लाँग आणि इव्हान्स यांनी रॅटचे चक्र तपशीलवार मांडले. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आज होणारी पॅप चाचणी त्याच पापानिकोलाऊंच्या नावाने ओळखली जाते.

कृती अशी. गुळगुळीत टोकाच्या पिपेटमध्ये निर्जंतुक सलाइनचे काही थेंब घ्यावेत, मादीला हळुवार धरून ते योनीच्या तोंडाशीच सोडावेत, लगेच परत ओढून काचपट्टीवर पसरावेत. माजापूर्वीच्या टप्प्यात केंद्रक असलेल्या गोलसर पेशींचे पुंजके दिसतात. प्रत्यक्ष माजात केंद्रक नसलेल्या, सुकलेल्या पापुद्र्यांसारख्या पेशी भरून राहतात. माज ओसरू लागला की त्यांच्यात पांढऱ्या पेशी मिसळतात, आणि विश्रामाच्या टप्प्यात पांढऱ्या पेशीच प्रामुख्याने उरतात. रोज एकाच वेळी नमुना घ्यावा, कारण काही टप्पे जेमतेम काही तासांचे असतात. निदान सलग दोन चक्रे नियमित दिसल्याशिवाय त्या मादीला अभ्यासात घेऊ नये.

पिपेट आत खोल घालू नये, ही सूचना केवळ मादीला दुखू नये एवढ्यासाठी नाही. गर्भाशयमुखाला धक्का बसला तर रॅट मादीच्या मेंदूला तो समागमच वाटतो, प्रोलॅक्टिनच्या लाटा सुरू होतात आणि नराचा संबंध न येताही मादी १२ ते १४ दिवस खोट्या गाभणपणात जाते. काचपट्टीवर रोज नुसत्या पांढऱ्या पेशी दिसू लागल्या की चक्र बिघडले असे वाटते, प्रत्यक्षात ते बिघडवलेले आपल्या हाताने असते.

तिसरी पायरी: पहिला दिवस ठरवणे

माजापूर्वीच्या टप्प्यातील मादी संध्याकाळी नराच्या पिंजऱ्यात सोडावी आणि सकाळी लवकर तपासावी. माऊसमध्ये योनीच्या तोंडाशी नराचे वीर्य घट्ट होऊन बनलेले पांढरट बूच दिसते. ते काही तासांत विरघळते किंवा गळून पडते, म्हणून तपासणी दुपारवर ढकलू नये. रॅटमध्ये बूच लवकर पडते, त्यामुळे काचपट्टीवर शुक्राणू दिसणे हा अधिक भरवशाचा पुरावा मानावा. सशात समागम आपल्या डोळ्यांसमोर होतो, तेव्हा तारखेबरोबर तासही लिहावा. बूच किंवा शुक्राणू दिसणे याचा अर्थ समागम झाला एवढाच आहे. गर्भ राहिल्याचे पुढे वजनावरून, आणि सशात दहाव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पोट हलक्या हाताने चाचपून कळते.

ज्या सकाळी बूच दिसले तो दिवस काही जण शून्य धरतात, तर काही जण एक. कोणतीही पद्धत चालेल, पण नोंदवहीच्या पहिल्याच पानावर ती स्पष्ट लिहिलेली असावी. एका दिवसाच्या घोळाने किती फरक पडतो ते गर्भ रुजण्याच्या वेळी दिसते. शुक्राणू दिसलेला दिवस पहिला धरला, तर रॅटमध्ये चौथ्या दिवशी इस्ट्रोजेनची एक लहानशी उसळी येते आणि पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटू लागतात. प्रोजेस्टेरॉनने तयार केलेल्या भिंतीला हा इस्ट्रोजेनचा स्पर्श झाला नाही तर गर्भ रुजत नाही, नुसता थांबून राहतो. हॅमस्टरमध्ये या उसळीची गरज पडत नाही, तेथे प्रोजेस्टेरॉन पुरते.

याच नाजूक दिवसांत माऊसच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. नुकत्याच फळलेल्या मादीला परक्या नराचा वास आला तर प्रोलॅक्टिन दबते, पीतपिंड मावळते आणि गर्भ न रुजताच मादी पुन्हा माजावर येते. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये हा परिणाम नोंदवला. म्हणून फळलेल्या माद्यांच्या शेजारी नवे नर ठेवू नयेत आणि नराचे पिंजरे हाताळलेल्या हातमोज्यांनी त्यांना स्पर्श करू नये.

चौथी पायरी: गाभणपणातील चढउतार वाचणे

रॅटच्या गाभणपणाचे पहिले आठ-दहा दिवस पियुषिका ग्रंथीचे असतात. प्रोलॅक्टिनची एक लाट दिवे मालवण्याच्या सुमारास आणि दुसरी, अधिक मोठी, दिवे लागण्याच्या काही तास आधी येते. नंतर वार स्वतःचे लॅक्टोजेन सोडू लागते. ते प्रोलॅक्टिनच्याच ग्राहीवर (पेशीवरील संप्रेरक ओळखणाऱ्या जागेवर) काम करते, पीतपिंडाला आधार देते आणि उलट मेंदूला इशारा देऊन पियुषिकेतील प्रोलॅक्टिन दाबून टाकते. त्यामुळे गाभणपणाच्या मध्यावर प्रोलॅक्टिनचा आकडा अगदी खाली दिसला तर मोजणी चुकली असे समजू नये. प्रोलॅक्टिन खरोखरच उतरलेले असते, आणि ते मोजण्यासाठी बनवलेले प्रतिपिंड (अँटिबॉडी) वारेच्या लॅक्टोजेनला ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रोजेस्टेरॉन मध्यापर्यंत वाढत जाऊन उत्तरार्धात उंच राहते. याच काळात रॅटच्या पीतपिंडातून रिलॅक्सिनही वाढू लागते. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ यांनी गिनीपिगमध्ये दाखवून दिले की, गाभण मादीच्या रक्तद्रवातील काही घटक जघनास्थीचा (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाचा) सांधा सैल करतो, आणि रिलॅक्सिनचा शोध तेथूनच सुरू झाला. गिनीपिगची पिल्ले मोठी, केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात, त्यामुळे विण्याआधी हा सांधा उघडणे आवश्यक असते. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल तर पुढे तो पुरेसा उघडत नाही आणि प्रसूती अडते. अशा वयाची, पहिलटकरीण गिनीपिग अभ्यासासाठी फळवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

विण्याच्या आधीचे दोन दिवस सर्वांत भरगच्च असतात. रॅट आणि माऊस यांच्यात प्रोस्टाग्लँडिन या शरीरातील द्रव्याच्या प्रभावाने पीतपिंड मोडू लागते, त्यातील एक विकर (एन्झाइम) प्रोजेस्टेरॉनचे कमी प्रभावी रूपात परिवर्तन करते, आणि रक्तातले प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते. त्याच वेळी इस्ट्रोजेन चढते, गर्भाशयाच्या स्नायूंवर ऑक्सिटोसिनचे (कळा आणणाऱ्या आणि पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाचे) ग्राही वाढतात आणि प्रोलॅक्टिनची मोठी लाट येते. प्रोजेस्टेरॉन उतरणे ही एकाच वेळी दोन दारांची किल्ली आहे. त्याने प्रसूतीचा मार्ग मोकळा होतो, आणि दूध बनण्यावर असलेला अटकावही उठतो. बाहेरून प्रोजेस्टेरॉन देत राहिल्यास रॅट मादीचे विणेही लांबते आणि दूध उतरणेही. या दोन दिवसांत रोज एकच नमुना घेतला तर हा उतार निसटू शकतो, म्हणून येथे निदान १२ तासांच्या अंतराने वेगवेगळ्या माद्यांचे नमुने घेण्याची योजना करावी.

सशाच्या बाबतीत हा बदल नुसत्या डोळ्यांनीही वाचता येतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असताना मादी बीळ उकरते, प्रोजेस्टेरॉन उतरू लागले की गवत तोंडात धरून आत नेते, आणि अगदी शेवटी, प्रोलॅक्टिनचा जोर वाढल्यावर, स्वतःच्या अंगाचे केस उपटून घरट्यात पसरते. कोणती कृती कोणत्या तारखेला दिसली हे लिहून ठेवले, तर रक्त न काढताही वेळापत्रकाचा मोठा भाग हाती लागतो. गिनीपिगमध्ये मात्र विण्याआधी प्रोजेस्टेरॉन उतरत नाही. शिवाय गाभण गिनीपिगच्या रक्तात प्रोजेस्टेरॉनला घट्ट धरून ठेवणारे खास प्रथिन भरपूर असते, म्हणून एकूण आकडा फार मोठा येतो आणि मोजण्यापूर्वी द्रावकाने निष्कर्षण करून (विरघळवून वेगळे काढून) घेणे आवश्यक ठरते.

पाचवी पायरी: नमुना घेणे आणि मोजणे

२५ ग्रॅम वजनाच्या माऊसच्या अंगात जेमतेम पावणेदोन मिलीलिटर रक्त असते. एका वेळी त्याच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे साधारण ०.१७ मिलीलिटरपेक्षा, अधिक रक्त काढू नये आणि एवढे काढल्यावर भरून येण्यास दोन ते तीन आठवडे द्यावेत. माऊसचे सारे गाभणपणच तीन आठवड्यांचे असते. म्हणून एकाच मादीचे रोज रक्त काढण्याचा बेत मनातून काढून टाकावा आणि दर दिवसासाठी स्वतंत्र माद्या ठेवाव्यात. गाभण मादीचे वजन वारेमुळे आणि गर्भांमुळे फुगलेले असते, तेव्हा हिशेब गाभणपणाआधीच्या वजनावर करावा. मादीला हाताळण्याची सवय आठवडाभर आधीपासून लावावी. भेदरलेल्या मादीत ताणाची संप्रेरके वाढतात, आणि ताणाने प्रोलॅक्टिनही हलते.

रक्त नको असेल तेथे लेंड्यांतून स्टिरॉइड संप्रेरकांचे अवशेष मोजता येतात. ताज्या लेंड्या ठरावीक वेळी गोळा करून गोठवाव्यात, नंतर वाळवून, कुटून, अल्कोहोलमध्ये निष्कर्षण करावे आणि आकडा कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला लिहावा. लेंडीतील आकडा त्या क्षणाचा नसून काही तासांपूर्वीचा असतो, हे ध्यानात ठेवावे. सशाच्या मऊ लेंड्या वगळून फक्त कडक लेंड्या घ्याव्यात. प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन यांच्यासाठी ही वाट उपयोगाची नाही, कारण ती प्रथिनांच्या जातीची असून आतड्यात पचून जातात.

मोजणीच्या संचाची (किटची) निवड हा अनेकांना गोत्यात आणणारा भाग आहे. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) यांचा रेणू सर्व सस्तन प्राण्यांत एकच असतो, त्यामुळे मानवी रक्तासाठी बनवलेला संचही नीट पडताळून वापरता येतो. प्रोलॅक्टिनची घडण मात्र प्राण्यागणिक वेगळी असते. मानवी प्रोलॅक्टिनच्या संचावर रॅटचा रक्तद्रव चालवून मिळालेल्या आकड्याला काही अर्थ नाही. माऊसमधील इस्ट्राडायोल तर मिलीलिटरमागे काही पिकोग्रॅम एवढेच असते, आणि प्रतिपिंडांवर आधारलेले साधे संच त्या पातळीवर विश्वासार्ह राहत नाहीत. तेथे वस्तुमान वर्णपटमापनाची (मास स्पेक्ट्रोमेट्रीची) सोय असलेल्या प्रयोगशाळेची मदत घ्यावी, अथवा इस्ट्रोजेनचा अंदाज योनीतील पेशी आणि गर्भाशयाचे वजन यांवरून करावा. तो अंदाज चुकीच्या दशांशापेक्षा अधिक प्रामाणिक असतो.

संच कोणताही असो, काही नमुने आधी चालवून पाहावेत. अंडाशय काढलेल्या मादीचा रक्तद्रव तळाचा आकडा देतो का, मध्यगाभण मादीचा रक्तद्रव प्रोजेस्टेरॉन उंच दाखवतो का, आणि उंच आकड्याचा नमुना निम्मा पातळ केल्यावर आकडाही निम्मा होतो का, हे पाहावे. प्रत्येक नमुना दोनदा मोजावा. ऑक्सिटोसिनसाठी रक्त थंड नळीत, प्रथिने मोडणाऱ्या विकरांना रोखणारे द्रव्य घालून घ्यावे आणि लगेच थंड अपकेंद्री यंत्रात फिरवावे.

सहावी पायरी: व्यालेल्या मादीचा काळ

रॅट, माऊस आणि गिनीपिग विण्यानंतर काही तासांतच, साधारण एका दिवसाच्या आत, पुन्हा माजावर येतात. नर पिंजऱ्यातच असेल तर मादी त्याच रात्री फळू शकते, म्हणून निव्वळ दूध पाजण्याचा काळ अभ्यासायचा असेल तर विण्यापूर्वीच नर हलवावा. हॅमस्टरमध्ये असा फळण्याजोगा माज लगेच येत नाही.

विण्यानंतरच्या या माजात अंडमोचन झाल्याने रॅट मादीच्या अंडाशयात नवी पीतपिंडे बनतात, आणि पिल्लांच्या चोखण्यातून सुटणारे प्रोलॅक्टिन त्यांना जगवते. म्हणून पान्हा चालू असलेल्या, पण गाभण नसलेल्या रॅट मादीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन उंच दिसते. हे पाहून ती गाभण आहे असा निष्कर्ष काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. दुसरीकडे चोखण्याच्या चेतनेने मेंदूकडून जननग्रंथींना जाणारा इशारा मंदावतो, इस्ट्रोजेन खाली राहते आणि चक्र थांबते. मादी विण्यानंतर लगेच फळलेली असेल तर इस्ट्रोजेनची ती लहान उसळी न आल्याने गर्भ रुजायचे थांबून राहतात, आणि पुढचे वेत अपेक्षेपेक्षा बऱ्याच दिवसांनी येते. अंगावर पिल्ले जितकी जास्त, तितका हा विलंब मोठा.

पिल्लांची संख्या एकसारखी करणे येथे अपरिहार्य आहे. रॅट मादीला सहसा १२ सड असतात, माऊसला १०. विण्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत जादा पिल्ले त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मादीला लावावीत आणि प्रत्येकीकडे साधारण आठ पिल्ले ठेवावीत. हॅमस्टर मादीला पहिल्या आठवड्यात मुळीच छेडू नये. घरटे उसकले तर ती पिल्ले मारून खाते.

प्रोलॅक्टिन मोजताना शेवटचे चोखणे केव्हा झाले हे माहीत असलेच पाहिजे. पिल्ले काही तास वेगळी ठेवली की प्रोलॅक्टिन तळाला जाते, आणि परत लावल्यावर काही मिनिटांतच चढू लागते. म्हणून प्रमाणित रीत अशी, की पिल्ले चार तास उबदार जागी दूर ठेवावीत, एक नमुना घ्यावा, पिल्ले लावावीत आणि ठरावीक मिनिटांनी दुसरा नमुना घ्यावा. दोन आकड्यांतला फरक हाच खरा निष्कर्ष. ऑक्सिटोसिनची गोष्ट आणखी क्षणिक आहे. रॅटची पिल्ले सतत चोखत असली तरी पान्हा सतत फुटत नाही. ऑक्सिटोसिनचे झोत काही मिनिटांच्या अंतराने सुटतात, आणि नवल म्हणजे त्या वेळी आई बहुधा गाढ झोपेत असते. झोत आला की सारी पिल्ले एकदम अंग ताणतात आणि जोराने ओढू लागतात. पिंजऱ्यासमोर शांत बसून हे ताणणे मोजले, तर ऑक्सिटोसिनचा मागोवा सुईशिवाय मिळतो. सशीण दिवसातून साधारण एकदाच, तीन-चार मिनिटांसाठी पिल्लांकडे जाते, तेव्हा तिचा नमुना घ्यायचा तर त्या भेटीची वेळ आधी काही दिवस पाहून ठेवावी लागते.

दूध किती उतरले हे पिल्लांच्या वजनावरून कळते. वेगळी ठेवलेली पिल्ले लावण्याआधी आणि नंतर तोलावीत, मात्र आधी ओल्या कापसाने पोटाखाली हलके चोळून त्यांची लघवी काढून घ्यावी. तसे न केल्यास आई चाटून ती काढते आणि वजनाचा हिशेब चुकतो. आकडेमोड करताना एक मादी म्हणजे एक नोंद धरावी. एकाच मादीची आठ पिल्ले म्हणजे आठ स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत.

रॅटमध्ये दुसऱ्या आठवड्यानंतर पिल्ले दाणा कुरतडू लागतात, चोखणे विरळ होते आणि प्रोलॅक्टिनही उतरत जाते. या काळात लेंड्या गोळा करायच्या असतील तर आईला थोडा वेळ स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवावे, नाहीतर पिल्लांच्या लेंड्या मिसळतात. रॅट, माऊस आणि हॅमस्टर यांची पिल्ले साधारण २१ व्या दिवशी, गिनीपिगची दोन ते तीन आठवड्यांनी आणि सशाची चार ते सहा आठवड्यांनी दुधावरून तोडतात. तोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रॅट आणि माऊस माद्यांच्या काचपट्ट्या पुन्हा रोज पाहाव्यात. पहिले काही दिवस पांढऱ्या पेशीच दिसतील, मग एका सकाळी केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसतील. ती तारीख, तो तास आणि शेवटपर्यंत अंगावर राहिलेल्या पिल्लांची संख्या एकाच ओळीत लिहावी.